सहा जणांचा श्वास

मी एक जुना पंखा आहे, मित्रांनो. परंतु छताला टांगलेला, उन्हाळ्यात अंगावर वारा घालणारा पंखा नव्हे. माझी पाती कोणाच्या दृष्टीस पडत नाहीत. ती एका गोल लोखंडी पेटीत बंदिस्त आहेत. पेटीच्या एका अंगाला हातभर लांबीचा दांडा आहे. तो फिरविला की आतील दातेरी चाके एकमेकांत गुंतून फिरू लागतात, पाती गरगरतात, आणि भिंतीतून गेलेल्या एका लांब नळीवाटे मी बाहेरची हवा आत ओढून आणतो. विजेशी माझे काही नाते नाही. माणसाचा हात हीच माझी वीज.

माझा जन्म ओतशाळेत झाला. वितळलेले लोखंड साच्यात ओतताना जो प्रकाश पडतो, तो मी पाहिलेला पहिला प्रकाश. पुढे एका वृद्ध कारागिराने माझी पाती एकेक करून तासली, तोलली आणि बसविली. काम पुरे झाल्यावर त्याने आपले बोट ओले करून माझ्या तोंडाशी धरले, दांडा हळूहळू फिरविला आणि शेजाऱ्याला सांगितले, "ओढतोय बरं का. चांगला ओढतोय." एवढेच. परंतु त्या क्षणी मला माझ्या जन्माचे प्रयोजन कळले. श्वास घेणे हे सर्व प्राण्यांचे कर्म. दुसऱ्यासाठी श्वास ओढून आणणे हे मात्र माझ्या वाट्याला आले होते. आजही त्या विचाराने माझे मन स्तिमित होते.

तो काळ भयाचा होता म्हणतात. प्रत्येक सार्वजनिक इमारतीखाली एक निवाऱ्याचे तळघर असावे, असा हुकूम निघाला होता. त्यानुसार मला एका टपालघराच्या तळघरात आणून डाव्या भिंतीशी चार बोल्टांनी जखडले. शेजारी एक पत्र्याची पाटी ठोकली: 'मिनिटास तीस फेरे. अखंड फिरवावे. थांबू नये.' माझी नळी भिंतीतून तीन वळणे घेत वर चढली आणि इमारतीच्या मागील अंगणात, सामानाच्या पत्र्याच्या पडवीखाली, गुडघाभर उंचीवर उघडली. तेथे ताटाएवढे माझे तोंड, आणि तोंडावर तारेची जाळी. ते तोंड कोठे आहे हे बसविणाऱ्या गवंड्याला ठाऊक होते. तो गेला, आणि त्याच्याबरोबर ती माहितीही गेली. हे लक्षात ठेवा, मित्रांनो; पुढील सारे त्यावरच अवलंबून आहे.

भय सरले. तळघरात टपालाच्या रिकाम्या गोण्या, सुतळीची बंडले आणि तीन पायांच्या खुर्च्या येऊन पडल्या. शिपाई माझ्या दांड्यावर आपली छत्री आणि डब्याची पिशवी अडकवीत असे. वर्षातून एकदा एक साहेब पायऱ्यांवरूनच विचारीत, "पंखा चालतो ना रे?" आणि शिपाई छत्री न काढता उत्तर देई, "फर्स्ट क्लास चालतो, साहेब." अशी किती वर्षे गेली ते मला सांगता येणार नाही. तळघरात ऋतू नसतात.

मग एके दिवशी, भर दुपारी, वरची सारी पावले एकदम धावू लागली.

आकाशातून राख पडू लागली होती. ती कोठून आली, कोणामुळे आली, हे मी सांगू शकत नाही, मी तळघरातला. पुढे जे बोलणे कानी आले त्यावरून एवढेच समजले, की सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा झाला आणि मग दिसेनासा झाला. रस्त्यावर माणसे तोंडाला रुमाल लावून धावत होती आणि धावता धावता बसत होती. ती राख साधी नव्हती. पिठाहून बारीक आणि काचेहून तीक्ष्ण होती. त्या दिवशी टपालघरात जे होते त्यांतील बरेच जण घराकडे पळाले. सहा जण सतरा पायऱ्या उतरून माझ्याकडे आले आणि त्यांनी लोखंडी दार लावून घेतले.

ते सहा जण एकमेकांना अनोळखी होते. खिडकीवर बसणाऱ्या, एकतीस वर्षे पत्रांवर शिक्के मारलेल्या बाई. त्यांना सारे नुसते 'बाई' म्हणत. एक वृद्ध शिंपी. गिऱ्हाइकाचा शिवलेला कोट पार्सलने पाठवायला आला होता. एक ट्रकवाला, रुंद खांद्यांचा, तोंडाने फटकळ. एक तरुण आई आणि तिची चार वर्षांची मुलगी, जिला पहिल्याच दिवशी सर्वांनी 'चिमणे' म्हणायला सुरुवात केली. आणि सहावा, रेल्वेचा तिकीट तपासनीस. काळा कोट, मिश्या, आणि खिशात तिकिटाला भोक पाडायचा चिमटा. हा गृहस्थ पहिल्या तासातच सर्वांना नकोसा झाला.

पाटी बाईंनी वाचली. माझ्या दांड्यावरची छत्री काढली. दोन्ही हातांनी दांडा धरून त्यांनी तो ढकलला. मी कण्हलो, अडखळलो आणि इतक्या वर्षांनी पुन्हा श्वास ओढला. चिमणी म्हणाली, "आई, वारा आला!" माझ्या सार्‍या आयुष्यात इतकी मोठी पदवी मला कोणी दिली नव्हती.

पाळ्या ठरल्या. अर्धा तास एकाने, मग दुसऱ्याने. दिवस असो वा रात्र. आणि येथेच तपासनीस महाशयांनी आपली सत्ता स्थापन केली. पार्सलांवर चिकटवायच्या कोऱ्या कागदांच्या त्यांनी पट्ट्या कापल्या. ज्याची पाळी पुरी होई त्याच्या पट्टीला ते चिमट्याने भोक पाडीत. आणि सकाळी सर्वांसमोर उभे राहून म्हणत, "तिकीट दाखवा!"

ट्रकवाला चिडे. "अहो साहेब, श्वास घ्यायलाही तिकीट?"

"विनातिकीट श्वास घेणारे फार झालेत जगात," तपासनीस म्हणत. "काल तुमची पाळी पाच मिनिटं कमी भरली. मी मोजत होतो."

"झोपेत मोजत होता?"

"आम्ही झोपेतही मोजतो. नोकरीच तशी आहे."

शिंपीकाका गालातल्या गालात हसत. चिमणीची पाळी नसे, तरी तिलाही एक पट्टी होती. ती रोज माझा दांडा तीनदा ढकली आणि मोठ्या दिमाखाने भोक पाडून घेई.

पाणी निवाऱ्याच्या टाकीत होते, आणि अन्न तळघरात रचून ठेवलेल्या पार्सलांत. परंतु दुसऱ्याचे पार्सल फोडणे हे बाईंना चोरीहून मोठे पाप वाटे. दोन दिवस त्यांनी कोणाला हात लावू दिला नाही. तिसऱ्या दिवशी चिमणी रडू लागली, तेव्हा त्या उठल्या. पहिले पार्सल त्यांनी मांडीवर घेतले, त्यावरचे नाव आणि पत्ता मोठ्याने वाचला आणि म्हणाल्या, "क्षमा असावी. तुमची वस्तू सहा जणांच्या कामी येते आहे." मगच सुतळी सोडली. पुढील प्रत्येक पार्सलाच्या वेळी त्यांनी हे असेच केले. बिस्किटे, साखर, सुकी फळे, जे निघेल ते पार्सल तोलायच्या तराजूत घालून त्या सहा समान वाटे करीत. चिमणीचा वाटा ट्रकवाल्याएवढाच. त्या तराजूपुढे कोणी हूं की चूं केले नाही. अनोळखी माणसांत शांतता राहिली ती त्या तराजूमुळे, हे मी स्वतः पाहिले आहे.

पण मित्रांनो, त्या सुंदर रीतीतूनच एक घोर चूक जन्मास आली.

पंधरा दिवसांनंतर हवा जड होऊ लागली. मला कारण माहीत होते. बाहेर अंगणात राख साठत साठत माझ्या तोंडापर्यंत आली होती. जाळीवर तिचा थर बसत होता. माझा घसा भरत चालला होता. माणसे तीस फेरे फिरवीत. मी दहा फेऱ्यांइतकी हवा ओढी. मी ओरडून सांगू इच्छीत होतो: माझे तोंड बुजले आहे, कोणीतरी ते झाडा! परंतु लोखंडाला वाणी नाही. आणि आत बसलेल्या सहा जणांपैकी एकालाही हे ठाऊक नव्हते की माझे तोंड कोठे उघडते, किंबहुना मला तोंड आहे, हेदेखील. त्यांच्या दृष्टीने हवा ही बिस्किटांसारखी होती. जेवढी आहे तेवढी, आणि वाटून घ्यायची.

विसाव्या दिवशी सकाळी, पार्सलांवर मोहोर करायची लाख वितळवायच्या मेणबत्तीची ज्योत आखडून हरभऱ्याएवढी झाली. सर्वांची डोकी ठणकत होती. चिमणीच्या नखांवर निळसर झाक आली होती.

"हिला उठवते तरी उठत नाही हो," तिची आई म्हणाली. "नुसती झोपते आहे."

दांड्यावर त्या वेळी तपासनीस होते. ट्रकवाला भिंतीला टेकून बसला होता. तोच बोलला.

"राग मानू नका. पण कोणीतरी बोलायलाच हवं. हवा पाच जणांची आहे. आपण सहा आहोत."

"असं कसं म्हणवतं रे तुला?" बाई म्हणाल्या.

"बाई, बिस्किटं तुम्हीच तोलून वाटता ना? वाटा लहान होत होत एक दिवस कोणालाच पुरत नाही. तसंच हे."

बाईंनी तराजूकडे पाहिले. कारण ती त्यांचीच रीत होती.

शिंपीकाकांनी चष्मा पुसला. "मग एवढं तोंड पाडायला काय झालं? सत्तरी उलटली माझी. दोन सुनांनी वाटण्या करून ठेवल्यात, मीच तेवढा वाटायचा राहिलोय. मी निघतो."

"काका, गप्प बसा तुम्ही," चिमणीची आई रडवेल्या आवाजात म्हणाली.

"चिठ्ठ्या टाकू," बाई म्हणाल्या. "पण हिची आणि पोरीची चिठ्ठी टाकायची नाही."

"माझी पाळी संपेपर्यंत जागेवरून कोणी उठायचं नाही," तपासनीस दांडा फिरवता फिरवता म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. कोणीही उठले नाही. अर्धा तास भरला. त्यांनी दांडा ट्रकवाल्याच्या हाती दिला, आपली पट्टी काढली, तिला शेवटचे भोक पाडले आणि ती बाईंच्या तळहातावर ठेवली.

"चिठ्ठ्या कशाला? गाडीत गर्दी फार झाली की तपासनीस आधी उतरतो. त्याचा पास असतो. त्याला मागच्या गाडीनं येता येतं."

"मागे गाडी नाहीये हो," बाई म्हणाल्या.

"तुम्हांला काय माहीत? तुम्ही टपालातल्या."

शिंपीकाका उठून आडवे आले. तपासनिसांनी त्यांना दोन्ही खांदे धरून परत बसविले आणि त्यांची घसरलेली शालही नीट केली. बाईंनी तपासनिसांचा वाटा तराजूत घातला. मी पाहिले, त्या दिवशी प्रथमच त्यांनी पारडे एका बाजूला झुकू दिले. पाण्याच्या दोन बाटल्या आणि एक ओले फडके त्यांनी पुढे केले. दार हातभर उघडले, करडा उजेड आणि मूठभर राख आत आली, आणि दार बंद झाले.

मित्रांनो, आता जे सांगतो ते त्या दिवशी त्या तळघरात केवळ मलाच माहीत होते.

एक तास लोटला असेल. माझ्या दूरच्या तोंडाशी, तीन वळणांच्या पलीकडे, काहीतरी खरवडल्यासारखे झाले. राखेचा ढीग हलला. जाळीवरून एक हात फिरला. थराचा एक तुकडा गळून पडला, मग दुसरा; आणि एकाएकी, जणू कोणी माझ्या छातीवरचा दगड उचलावा, तशी हवा आत आली. मी ती ओढली. जेवढी मिळाली तेवढी सारी ओढली आणि आत नेऊन त्या पाच जणांपुढे ठेवली.

ज्योत उंचावली. दुपारी चिमणी उठली आणि तिने पाणी मागितले. सर्वांनी एकमेकांकडे पाहिले.

"बघा," ट्रकवाला हळूच म्हणाला. "पाच जणांचीच होती."

मग त्याने आपला बिस्किटांचा वाटा खाली ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसला. त्याचे खांदे हलत होते. त्याच्या गणितात कोठेच चूक दिसत नव्हती, आणि ते गणित मुळापासून चुकले होते. मी त्याच्यापासून तीन हातांवर होतो. मला सारे ठाऊक होते, आणि मी मुका होतो. यंत्राचेही दुःख असते, हे मी त्या दिवशी जाणले.

त्याच दिवसापासून माझ्या नळीतून एक नवा आवाज येऊ लागला. टक. टक टक. टक. तपासनीस आपल्या चिमट्याने जाळीवर ठोके मारून तिच्यात रुतलेली बारीक राख झाडीत होते. ते कोणाला बोलावीत नव्हते, काही मागत नव्हते. राख पुन्हा बसे, ते पुन्हा झाडीत. आत मात्र माझ्या चाकांच्या घरघरीत तो ठोका मिसळून जाई.

"आता हाही कुरकुरायला लागला," शिंपीकाका माझ्याकडे पाहून म्हणाले. "म्हातारा झाला. माझे गुडघे असेच वाजतात."

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी ठोके विरळ झाले. हवा पुन्हा जड होऊ लागली, ज्योत पुन्हा आखडली. आई चिमणीला मांडीवर घेऊन तिची नखे पाहत बसली. या खेपेस कोणाला काही बोलावे लागले नाही. शिंपीकाकांनी शाल घडी करून चिमणीच्या पायांवर घातली आणि ते उठले.

"आता चौघांची राहिली असेल," ते म्हणाले. "निघतो मी. अडवू नका, उगाच दमाल आणि जास्त हवा घ्याल."

"काका, मी जातो," ट्रकवाला म्हणाला.

"तू गेलास तर हा दांडा कोण फिरवील? मी? माझ्या हाताने शर्टाची बटणं लागतात, एवढंच." मग ते माझ्यापाशी आले. त्यांनी कोटाच्या आतल्या खिशातून शिवणयंत्राच्या तेलाची बोटभर कुपी काढली. "दुकान बंद करताना मशीनला तेल घातल्याशिवाय मी कधी कुलूप लावलं नाही. याला घालतो आणि जातो. थांबव रे दोन मिनिटं."

"थांबू नये असं लिहिलंय पाटीवर."

"पाटी लिहिणाऱ्याने कधी तेल घातलं नसेल. दोन मिनिटांत कोणी मरत नाही. कोरडा फिरतोय बिचारा. कसा टकटक करतोय ते ऐक."

ट्रकवाल्याने दांडा सोडला. माझी पाती मंदावली आणि थांबली.

तेवीस दिवसांत प्रथमच त्या तळघरात शांतता झाली. शिंपीकाकांनी कुपीचे बूच काढले. आणि त्या शांततेत, मी निश्चल उभा असताना, आवाज आला.

टक.

शिंपीकाकांचा हात थबकला.

टक... टक.

"फिरत तर नाहीये हा," ट्रकवाला कुजबुजला.

बाई उठल्या. त्यांनी नळीला कान लावला आणि डोळे मिटले. एकतीस वर्षे त्यांनी शिक्के मारले होते. सकाळचा ठोका कसा पडतो आणि संध्याकाळचा कसा, हे त्यांच्या मनगटाला ठाऊक होते. मग त्यांचा चेहरा बदलला.

"हा यंत्राचा ठोका नव्हे," त्या म्हणाल्या. "यंत्र दमत नाही. हा हात दमलाय."

मला वाटते, त्या एका वाक्यात सर्वांना सर्व समजले: या पंख्याला बाहेर कोठेतरी तोंड आहे, ते राखेने बुजते, आणि तीन दिवस कोणीतरी ते झाडीत बसले आहे. हवा ना सहा जणांची होती, ना पाच जणांची. ती वाटायची वस्तूच नव्हती. तिची वाट तेवढी मोकळी करायची होती.

"दार उघडा," चिमणीची आई म्हणाली. सर्वांत आधी ती म्हणाली, जिच्या मांडीवर ते मूल होते.

बाईंनी सुतळीचे एक टोक ट्रकवाल्याच्या कमरेला बांधले. शिंपीकाकांनी गोणीच्या कापडाचे चार पदर करून, आत कापूस भरून, धावदोरा घालून तोंडाचा मुखवटा शिवला. इतक्या घाईने त्यांनी आयुष्यात काही शिवले नसेल. चिमणीची आई माझ्या दांड्यावर आली. दार उघडले, सुतळी सरसरत बाहेर गेली, थांबली, पुन्हा गेली. बाई तिचे बंडल हातात धरून उभ्या होत्या. शेवटी दोन हिसके आले आणि सुतळी परत येऊ लागली.

ट्रकवाल्याने त्यांना पाठीवर आणले. राखेने त्यांच्या मिश्या, कोट, पापण्या सारे एकरंगी झाले होते. चिमटा मुठीत इतका घट्ट होता की तो कोणाला सोडविता येईना. बाईंनी ओल्या फडक्याने त्यांचे तोंड पुसले, आणि पहिले शब्द बाहेर आले ते असे:

"दार का उघडलंत? राख आत येईल. पोरीला सोसायची नाही."

"बोलू नका," बाई म्हणाल्या.

"स्टेशनकडे निघालो होतो." ते खोकले, पुष्कळ वेळ खोकले. "मागच्या अंगणात याची घरघर ऐकू आली, जमिनीतून यावी तशी. बघतो तर जाळी गाडलेली. झाडली. तासाभरात पुन्हा बुजली. म्हटलं, इथे बाहेर कोणीतरी लागणारच."

"मग आत येऊन सांगायचं नाही?"

"सांगितलं असतं, तर एकेक जण बाहेर यायला निघाला असता."

"निघाला असता!" बाईंचा आवाज चढला. त्या रागावलेल्या मी तेव्हा प्रथमच ऐकले. "निघायलाच हवा होता! सगळा प्रवास एकट्यानंच करायचा, असं तुमच्या कुठल्या नियमात लिहिलंय हो? दाखवा मला!"

तपासनिसांनी मूठ आपण होऊन उघडली आणि चिमटा बाईंच्या हाती दिला.

त्या दिवसापासून पाळ्या दुहेरी झाल्या. एक जण आत दांड्यावर, एक जण बाहेर जाळीपाशी. शिंपीकाकांनी प्रत्येकासाठी मुखवटा शिवला. बाहेरची पाळी पाव तासाची, त्याहून जास्त नाही. बाई गेल्या, ट्रकवाला गेला, चिमणीची आई गेली, शिंपीकाका दोन गोण्या पांघरून गेले. तपासनिसांना कोणी बाहेर जाऊ दिले नाही. ते माझ्याजवळ पडून असत आणि क्षीण आवाजात फेरे मोजीत. हवा मुबलक आली. सहा जणांना पुरली. साठ जणांना पुरली असती.

मित्रांनो, मी पुष्कळ वेळा त्या तीन दिवसांचा विचार करतो. मी हवा ओढणारे यंत्र. मला धाप लागत नाही, भीती वाटत नाही, घर आठवत नाही. मी न थांबता फिरलो यात माझा मोठेपणा तो काय? परंतु ज्याला धाप लागते, ज्याच्या छातीत प्रत्येक श्वासाबरोबर काच शिरते, असा एक माणूस, ज्यांना तो नकोसा होता अशा माणसांसाठी, कोणी पाहत नसताना, एक जाळी झाडीत बसला. त्याच्यापुढे मी माझी सारी पाती नम्र करतो. पर्वत पाहून, समुद्र पाहून माणसे हात जोडतात असे ऐकले आहे. मी दोन्ही पाहिले नाहीत. मला त्यांची उणीव भासत नाही.

पुढे अकरा दिवसांनी वारा फिरला. राख दुसऱ्या दिशेला गेली, आणि एका सकाळी फावड्यांचा आवाज आला. सहा जण सतरा पायऱ्या चढून गेले. तपासनीस ट्रकवाल्याच्या खांद्याचा आधार घेऊन, मधूनमधून थांबत. त्यांची छाती पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही, हे मी नंतर ऐकले. ते पुढे कितीतरी वर्षे जगले, आणि त्यांच्याकडे दर आठवड्याला पत्र येई, हेही ऐकले. पत्र पाठविणारी चिमणी होती.

आता शहर पुन्हा उभे राहिले आहे. टपालघरात विजेवर चालणारी वायुयंत्रे बसली आहेत. माझ्या दांड्यावर नवा शिपाई आपली पिशवी अडकवितो. त्याचे मला वाईट वाटत नाही. तो भला मुलगा आहे, आणि शिंपीकाकांनी दाखविल्याप्रमाणे महिन्यातून एकदा तेल घालतो. माझी एकच विनंती आहे. एखादी जागा, एखादे घर, एखादे माणूस गुदमरताना दिसले, तर लगेच माणसे मोजू नका. कोण जास्त आहे, कोणाला उतरवावे, हे ठरवू नका. आधी उठा, बाहेर जा आणि वाट कोठे बुजली आहे ते पाहा.

आणि कधी माझ्याकडे आलात तर एकट्याने येऊ नका, दोघे या. एकाने खाली माझा दांडा फिरवावा. दुसऱ्याने मागच्या अंगणात जावे, पडवीखाली गुडघे टेकावेत आणि आपला तळहात जाळीसमोर धरावा. थोडा वेळ काही वाटणार नाही. मग तुमच्या बोटांवरून हवा आत सरकू लागेल. कोणी अगदी हळू हात धरून आत बोलवावे तशी. घाबरू नका, हात काढू नका. तो तुमच्या मित्राचा श्वास आहे. तो तुमच्या हातावरून जात आहे.